चारशे बारा बाटल्या

१० जानेवारी

धाकटोबा,

पाकीट बघून कपाळाला हात लावला असशील, की या बाईला अजून शाई-कागद कुठून सुचतो. काय करू? फोनवर तू "हं, बरं, ठेवतो" यापलीकडे जात नाहीस. तीन शब्दांवर बहिणीचं पोट भरत नाही. शिवाय बाबांना तुझं पत्र हातात धरायला आवडतं. चष्मा पुसून दोनदा वाचतात आणि मग मला विचारतात, "याचं काम नक्की काय गं?" मी सांगते, संशोधन. ते म्हणतात, "कशाचं?" तिथे माझी गाडी अडते. तेवढं एकदा नीट लिही.

आमच्या गोठ्यात सगळं ठीक. मिल्क बँकेला गोठा हे नाव तूच ठेवलंस सहा वर्षांपूर्वी, आणि घरात आता दुसरं नाव उरलेलंच नाही. बाबासुद्धा शेजाऱ्यांना सांगतात, "थोरली गोठ्यावर गेलीय." लोक बिचारे खरंच म्हशी समजतात.

एक मोठा बदल झालाय. आमच्या बाटल्यांवर दूध देणाऱ्या आईचं नाव नसतं, फक्त नंबर असतो. कुणाचं दूध कुणाच्या बाळाला गेलं हे कुणालाच कळू नये, असा नियम. कुठला नंबर तपासणीत पास झाला, कुठला नापास, हे आजवर आम्ही एका जाड वहीत लिहायचो. एक तारखेपासून वही बंद, सगळं संगणकात. मी म्हटलं, वही चालू राहू दे ना सोबतीला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन ठिकाणी लिहिलं की चुका होतात." त्यांचंही बरोबर आहे.

एक शिवणवाली यायला लागलीय. तिचं बाळ बारा दिवसांचं होऊन गेलं. दूध मात्र येतच राहिलं. आठवड्यातून दोनदा थंड पिशवीत बाटल्या घेऊन येते, टेबलावर ओळीने मांडते आणि काही न बोलता जाते. परवा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "वाया नाही ना जात?" मी म्हटलं, एक थेंब नाही.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र आलं की खोलीवरचे दोघं मला चिडवतात, आजीचं पत्र आलं म्हणून. मी सांगतो, आजी परवडली.

बाबांना सांग, मी विमा कंपन्यांसाठी धंद्यांची माहिती काढतो. चौथ्या मजल्यावर आम्ही सातजण बसतो. फोन खाली गेटवर जमा करून घेतात, म्हणून दिवसा उचलत नाही; रागावू नकोस. समोर एक तक्ता असतो आणि त्यात रकाने. माणसं किती, उलाढाल किती, विमा आहे का, संगणक सांभाळायला स्वतःचा माणूस आहे की बाहेरून बोलावतात. आणि शेवटचा रकाना, माझा आवडता: उद्या अचानक सगळं बंद पडलं, तर किती तास तग धरतील? फर्निचरवाला पंधरवडा काढतो. ट्रकवाला दीड दिवसात रडकुंडीला येतो.

हे सगळं उघड्यावर पडलेलं असतं, ताई. वार्षिक अहवाल, नोकरीच्या जाहिराती, साहेबांच्या वाढदिवसाचे फोटो. लोक स्वतःच सगळं सांगून टाकतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती माझी नोकरी. आणि फुशारकी मारत नाही, पण माझा अंदाज चुकत नाही. वरचे साहेब माझ्या तक्त्यावर न वाचता सही करतात. दवाखाने आणि शाळा तेवढ्या आम्ही घेत नाही, तसा नियम आहे.

तुमच्या वहीचं वाईट वाटलं. पण डॉक्टरबाई बरोबर आहेत.

धाकटा


३१ जानेवारी

धाकटोबा,

दवाखाने घेत नाही म्हणे! गरिबाचा विमा उतरवायला कोण येणार? तुझ्या साहेबांना सांग, ताईने नाक मुरडलंय. बाबांनी मात्र तुझं पत्र खालच्या मजल्यावर नेऊन वाचून दाखवलं. "साहेब न वाचता सही करतात" हे वाक्य दोनदा.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, आमचा संगणक बाहेरचाच माणूस सांभाळतो. स्कूटरवर येतो, महिन्यातून एकदा. धूळ झटकतो, चहा पितो, "काही त्रास?" विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत हेल्मेट घालतो. आम्ही त्याला संगणकदादा म्हणतो. माणूस साधा आहे, पण शहरातली चाळीस ठिकाणं एकटा बघतो. तुझ्या तक्त्यात त्याला नापासच करशील.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचेच्या पेट्यांपैकी सहा नंबरमध्ये एक पोरगी आलीय. आठशे साठ ग्रॅम. आई कंत्राटी बसकंडक्टर आहे, रजा मिळत नाही. तिला जुन्या दुखण्याची जड औषधं चालू आहेत, म्हणून तिचं दूध चालत नाही. आमचं जातं, दोन तासांनी चमचाभर. आई ड्यूटीवर जायच्या आधी युनिफॉर्ममध्येच येते, काचेवर बोटाने टकटक करते आणि म्हणते, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे." मी नोकरीच्या सव्वीस वर्षांत इतकी हसले नव्हते. डॉक्टरबाई म्हणतात, अशा बाळांची आतडी कागदासारखी असतात, पावडरचं दूध त्यांना सोसत नाही. आईचं दूध मिळालं तर निभावतात.

सुट्टी कधी काढतोस? बाबा तुझ्या खोलीतली गादी दर रविवारी उन्हात टाकतात.

ताई


१० फेब्रुवारी

ताई,

घाईत चार ओळी. या महिन्यात माझा पगार वाढला! एक असं गिऱ्हाईक शोधून काढलं की साहेब खुर्चीतून उठले. एक छोटा कंत्राटदार, त्याच्या हाताखाली चाळीस ठिकाणं. त्या चाळिसांत एक मोठं घराणं सापडलं, जुन्या कापड गिरणीवाल्यांचा ट्रस्ट. अहवालात छापलेली शिल्लक बघून मी आकडा दोनदा मोजला. एवढी माया आणि संगणकाला स्वतःचा माणूस नाही! मोठ्या लोकांचं हे असंच.

बाबांना एक गरम शाल पाठवतोय. सहा नंबरला माझा नमस्कार, आणि पुढे सरका म्हणावं.

धाकटा


१ मार्च

धाकट्या,

शाल मिळाली. बाबा पांघरून बसलेत. मला आज चेष्टा सुचणार नाही.

बुधवारी सकाळी साडेसातला मी संगणक लावला. पडदा काळा, त्यावर चार ओळी. तुमच्या सगळ्या फायली कुलपात आहेत, चावी हवी तर पैसे भरा. मला वाटलं कुणीतरी गंमत करतंय. मग डॉक्टरबाईंचा लावला, तोही तसाच. संगणकदादा स्कूटरवरून आला, हेल्मेट न काढताच जिना चढला. त्याच्या चाळीसही ठिकाणी हेच झालं होतं. आमच्या फायलींच्या जादा नकला तो आपल्याच कपाटातल्या यंत्रात ठेवायचा. त्यालाही कुलूप.

फ्रीझर चालू होता रे. दूध जागच्या जागी होतं. चारशे बारा बाटल्या, एकही फुटलेली नाही, वितळलेली नाही. पण प्रत्येकीवर नुसता नंबर. पास कुठली, नापास कुठली, कुणाला कळणार? वहीत नोंदलेल्या जुन्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. पुन्हा तपासायची तर वितळवावी लागते, आणि एकदा वितळलेलं दूध ठेवता येत नाही. तपासणारी प्रयोगशाळाही निकाल संगणकावरच पाठवते, आणि तीही त्याच दादाची. दोन दिवस वाट पाहिली. शुक्रवारी दादा रडत म्हणाला, "ताई, यातलं काही परत येणार नाही." नियम स्पष्ट आहे: खात्री नसलेलं दूध बाळाला नाही आणि फ्रीझरमध्येही नाही.

शनिवारी सकाळी मी ते ओतलं. इतरांना नाही म्हटलं, माझं मीच ओतलं. कोमट पाण्यात बाटली धरायची, सुटलं की मोरीत. चार तास लागले. शिवणवालीच्या बाटल्या नंबरावरून ओळखू येत नाहीत, पण ती झाकणाला शिलाईच्या दोऱ्याचा एक वेढा घालते, गळू नये म्हणून. ते दोरे मी सोडवत होते.

नव्या आयांकडून दूध घेऊन, तपासून मिळायला आठवडा तरी जाणार. पेटीतल्या अकरा बाळांपैकी सातजणांना त्यांच्या आयांचं पुरतं. चौघांना पावडर सुरू केली. सहा नंबर त्यात आहे.

मागितलेली रक्कम किती माहितीये? आमचा दवाखाना चालवणाऱ्या गिरणीवाल्यांच्या ट्रस्टच्या अहवालात जी शिल्लक छापलीय, तिच्या बरोबर निम्मी. ती शिल्लक म्हणजे नव्या वॉर्डासाठी लोकांनी दिलेल्या देणग्या. तिला हात लावायचा ट्रस्टलाच अधिकार नाही. गिरणी तर मी शाळेत असतानाच बंद पडली, घराण्याचं नाव तेवढं उरलंय.

तू अशाच धंद्यांचा अभ्यास करतोस, म्हणून विचारते. या लोकांना कसं कळतं कुणाला पकडायचं? आमच्याकडे त्यांना काय दिसलं?

ताई


४ मार्च

ताई,

पैसे भरू नका. कुणी कितीही म्हणो, भरू नका. सोमवारी चावी येईल. तोवर संगणकदादाला काहीही पुसू देऊ नकोस, यंत्रं आहेत तशी राहू देत.

तू विचारलंस म्हणून सांगतो. ऐकीव माहिती आहे. ते लोक रागाने किंवा वैराने कुणाला निवडत नाहीत. त्यांना तुम्ही दिसतच नाही. त्यांना दिसतो आकडा. पैसे देण्याइतकी ऐपत आणि थांबता न येण्याइतकी निकड, ही दोन्ही जिथे भेटतात तिथे खूण करतात. बघणारा माणूस कुठेतरी दूर बसलेला असतो, त्याच्यापुढे ढीग असतो, एकेका नावाला तो पाच मिनिटं देतो. कधीकधी तो चुकतो.

सहा नंबर कशी आहे? उलट टपाली लिही.

धाकटा


१० मार्च

धाकट्या,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. सहा नंबर त्याच्या आदल्या दिवशी गेली, शुक्रवारी, दुपारी सव्वातीनला. बुधवारपासून पोट फुगलं होतं. आतड्याला सूज. डॉक्टरबाईंनी दोन दिवस घर पाहिलं नाही. मी त्यांना विचारलं, पावडरीमुळे का? त्या म्हणाल्या, "दूध मिळत असतानाही कधी कधी होतं. खात्रीने मला सांगता येणार नाही, आणि तुम्हीही स्वतःला सांगू नका." अकराशे तीस ग्रॅमची झाली होती. आई कामावर होती. बस मध्येच उभी करून आली, खांद्यावर तिकिटांची पिशवी तशीच. काचेजवळ उभी राहिली, टकटक केली नाही. मी तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली.

काल सोमवारी सकाळी चावी आली. फुकट. सोबत एक ओळ: "चूक झाली, आम्ही दवाखान्यांना हात लावत नाही." संगणकदादाने फायली उघडल्या. मी बसून एकेक नंबर पाहिला. चारशे बारापैकी तीनशे एकोणनव्वद बाटल्या पास होत्या.

आता माझं ऐक. तू लिहिलंस, सोमवारी चावी येईल. पोलिसांना ठाऊक नव्हतं, संगणकदादाला नव्हतं, ट्रस्टच्या वकिलांना नव्हतं. तुला सोमवार कसा ठाऊक होता? मी तुझं फेब्रुवारीचं पत्र पुन्हा काढलं. छोटा कंत्राटदार, चाळीस ठिकाणं, कापड गिरणीवाल्यांचा ट्रस्ट. मी ते तेव्हा वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बघा, किती हुशार आहे आपला.

फोन उचलत नाहीस. उचलू नकोस. लिही. पण या वेळी खरं लिही.

ताई


१४ मार्च

ताई,

खरं लिहितो.

विमा कंपनी नाही. पहिल्या दोन महिन्यांत मला कळलं होतं. कळलं तरी राहिलो. पगार चांगला होता, आणि मी स्वतः कुणाच्या घरात शिरत नव्हतो, फक्त पत्ता सांगत होतो. असं मी स्वतःला पटवलं होतं. दवाखाने घेत नाही या नियमाचा तर मला अभिमान वाटायचा. साहेबांनाच एकदा विचारलं तेव्हा हसून म्हणाले, "दया कसली? दवाखाना बंद पडला की पोलीस पेटून उठतात."

त्या ट्रस्टचं नाव यादीत सत्ताविसावं होतं. मी अहवाल उघडला. पहिल्या पानावर काचेच्या पेट्यांचा फोटो होता. मदतकार्याचे फोटो सगळेच श्रीमंत छापतात, म्हणून पान उलटलं आणि थेट अकराव्या पानावरची शिल्लक पाहिली. तग किती धरतील, या रकान्यात "सहा तास" लिहिलं. धनिकांना धीर नसतो असा माझा अंदाज. सगळं मिळून चार मिनिटं. तुझं पत्र आल्यावर मी तो फोटो पुन्हा काढला. पेटीशी वाकलेली एक बाई आहे, पाठमोरी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ताई, मी तुला ओळखलं नाही. मी बघितलंच नव्हतं.

जगातल्या कुठल्याही कंपनीचं नाव-गाव मी पाच मिनिटांत काढून देतो. माझी बहीण कुठल्या ट्रस्टच्या दवाखान्यात सहा वर्षं काम करते, हे मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नाही. तू संगणकदादाची चाळीस ठिकाणं लिहिलीस, तरी मी जुळवून पाहिलं नाही. घरात गोठा म्हणत होतो, तेवढं पुरत होतं.

चावीसाठी मी साहेबांच्या दाराशी तीन दिवस बसलो. ते बाहेरगावी होते, सोमवारी परतणार होते, म्हणून तुला सोमवार लिहिला. आल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी पहिलं पान वाच," आणि पगारातून काही कापलं. एवढीच शिक्षा. सहा नंबरचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? त्यांनी तोही एक रकाना केला असता.

सोबतच्या कागदावर अकरा नावं आहेत. पुढच्या महिन्याभरात यांच्यावर घाला पडणार, सगळी मीच निवडलेली. हा कागद पोलिसांना दे. फक्त दोन आठवडे थांब. तेवढ्यात मी इथून निघतो, दुसरीकडे कुठेतरी साधं काम धरतो. पहिल्या नावाला वीस दिवस आहेत, म्हणजे कुणाचं काही बिघडणार नाही. या वेळी मी सगळं नीट तपासलंय, यात एकही दवाखाना नाही. माफ कर म्हणायचं तोंड नाही. दोन आठवडे मागतो.

धाकटा


१८ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र काल दुपारी आलं. बाबा दारातच होते. म्हणाले, "काय लिहितो?" मी म्हटलं, कामात आहे. ते समाधानाने आत गेले. आयुष्यात कुणाशी एवढं खोटं बोलले नव्हते.

रात्रभर ठरवत होते की दोन आठवडे द्यायचे. तुला खोटं वाटेल, पण खरंच ठरलं होतं. तू बारा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून तुझा डबा, तुझी फी, तुझी दुखणी माझ्याकडे आहेत. पोटच्या पोरासारखा म्हणतात तसं मला म्हणावं लागत नाही, तसंच आहे ते. चौदा दिवस म्हणजे काय मोठं? असं मी घोकत होते.

सकाळी कामावर जायच्या आधी तुझा कागद पुन्हा पाहिला. चौथं नाव एका शीतगृहाचं आहे. तू पुढे लिहिलंयस, "भाजी-फळांचा व्यापारी, मालक श्रीमंत, तग एक दिवस." मी तिथला नंबर शोधला आणि फोन लावला. म्हटलं, आमच्या मिल्क बँकेला जागा मिळेल का? पलीकडचा मुलगा म्हणाला, "नाही हो ताई, अर्धं गोदाम इन्सुलिनने भरलंय, तीन जिल्ह्यांना इथूनच जातं." दोन मिनिटं लागली. तू नीट तपासलंयस म्हणालास ना? तुझ्या दृष्टीने नीटच तपासलंस. तेच भयंकर आहे. तुला सवयच लागलीय न बघण्याची.

आणि तुझे वीस दिवस म्हणजे तुझ्या साहेबांचे वीस दिवस. उद्या ते म्हणाले, आजच करू, तर? मला पुन्हा मोरीशी उभं राहून वाट बघायची नाही. दुसऱ्या कुणा बाईलाही उभं करायचं नाही.

म्हणून आज अकरा वाजता मी पोलीस ठाण्यात जाऊन तुझं पत्र आणि तो कागद दिला. पाकिटासकट. पाठीमागे तुझा पत्ता होता, तो मी फाडला नाही. फाडायला हात गेला होता. तिथल्या बाईंनी विचारलं, "हा तुमचा कोण?" मी म्हटलं, भाऊ. त्यांनी पेन खाली ठेवून माझ्यासाठी पाणी मागवलं. अकराही ठिकाणी त्यांनी माझ्यासमोर फोन लावले.

तिथून कामावर आले, तर शिवणवाली बसली होती. मधले तीन आठवडे ती आजारी होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. पुन्हा सहा बाटल्या ओळीने मांडल्या आणि विचारलं, "मागचं कुणाला गेलं का हो?" नियमाप्रमाणे मी सांगत नसते. आज सांगितलं. म्हटलं, एका कंडक्टरच्या मुलीला गेलं. ती म्हणाली, "बरी आहे ना?" मी हो म्हटलं. ती पहिल्यांदा हसली. काही दिवस सहा नंबरला ते मिळालंही असेल, तेवढंच त्यात खरं.

तुझ्यावर रागावलेय की नाही, मला सांगता येत नाही. राग नंतर येईल, बराच येईल. आत्ता तू जेवलास का, असा विचार येतो, आणि मग माझीच मला लाज वाटते. बाबांना मी संध्याकाळी सांगणार आहे. कसं, ते अजून ठरलेलं नाही.

पत्राला तुझ्याकडे पोचायला तीन दिवस लागतात. पोलिसांना तेवढे लागणार नाहीत. हे पत्र त्या खोलीत येईल तेव्हा तू तिथे नसशील. तरी त्याच पत्त्यावर टाकतेय. दुसरा कळला की तिथेही लिहीन.

ताई